तिखट काकूंच्या हातची चव

गल्लीत त्यांना तोंडावर 'काकू' म्हणत आणि पाठ फिरली की 'तिखट काकू'. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. स्वयंपाकात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. शेगडीवर रस्सा रटरटत असायचा, काकू मागच्या परसात कोथिंबीर खुडत असायच्या, आणि तिथूनच ओरडायच्या, "लसूण लागला बघ खाली, गॅस बारीक कर!" लेक पळत जाऊन बघायची, तर खरंच पातेल्याच्या कडा तांबूस व्हायला लागलेल्या असायच्या. नुसत्या वाफेवरून काकू मीठ ओळखतात, अशी गल्लीत बोलवा होती. ती काकूंनी कधी खोडून काढली नाही.

परसही त्यांनीच उभं केलेलं. घरमालकाने जिथे फुटक्या विटा टाकल्या होत्या, तिथे आता टोमॅटो, वांगी, पुदिना, मिरच्या. कोपऱ्यात खताचा खड्डा. बाजारातल्या भाजीला त्या नाक मुरडायच्या. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेल्या की यजमानीण जीव मुठीत धरून वाढायची, कारण पहिला घास पोटात गेला की निकाल लागायचा, आणि तो सगळ्यांच्या देखत लागायचा.

काका शिलाई मशिनी दुरुस्त करत. त्यांच्या दुकानाशेजारी कोपऱ्यावर एक खाणावळ उघडली, तेव्हा ते मोठ्या हौसेने बायको आणि लेकीला तिथे जेवायला घेऊन गेले होते. काकूंनी रश्श्याचा पहिला चमचा घेतला, खाली ठेवला, आणि भरल्या खाणावळीत मालकाला हाक मारली.

"अहो, हा रस्सा आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

लोक हसले. मालक नवखा होता. त्याचे कान लाल झाले, त्याने मुकाट्याने ताट उचललं आणि आत गेला. काकांनी मान वर न करता भात संपवला. परतताना काकू खुशीत होत्या. "खरं बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही," त्या म्हणाल्या. लेक तेव्हा नुकतीच चष्म्याच्या दुकानात कामाला लागली होती. ती त्या दोघांच्या बरीच पुढे चालत होती, जणू त्यांच्याबरोबरची नाहीच.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मग एकदा काकूंना जोराचा ताप आला.

ताप आठवडाभराने उतरला. अंगात जरा ताकद आल्यावर त्या स्वयंपाकघरात बसून वांगी चिरत होत्या, आणि काका धावत आत आले. "अगं, लक्ष कुठंय तुझं? घरभर धूर झालाय!" काकूंनी मान वळवली. त्यांच्यापासून हातभर अंतरावर दूध उतू जाऊन करपून पातेल्याला काळं चिकटलं होतं.

"जरा डोळा लागला होता," त्या म्हणाल्या. डोळा लागला नव्हता. वास आला नव्हता.

काका दुकानात गेल्यावर त्यांनी सगळं करून पाहिलं. पुदिन्याची पानं चुरगळून नाकाशी धरली. मसाल्याच्या डब्यात तोंड घातलं. लसणाची पाकळी दाताखाली फोडली. जीभ चुरचुरली, तेवढंच. लसूण कुठेच नव्हता. रॉकेलच्या बाटलीचं बूच उघडून हुंगलं, तर पाणी आणि रॉकेल सारखंच. मीठ, साखर, आंबट यांची जिभेवर कुठेतरी लांबून चाहूल लागल्यासारखी व्हायची, पण तीही धड नाही. त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या.

डॉक्टरकडे त्या एकट्याच गेल्या. डॉक्टर म्हणाला, "तापानंतर होतं असं. काहींचं परत येतं, काहींचं नाही. वाट बघायची." घरी येऊन काकूंनी याबद्दल ब्र काढला नाही. ज्या तोंडाने गल्लीभरच्या बायकांना नावं ठेवली, त्याच तोंडाने हे कसं सांगायचं?

मग त्या डोळ्यांनी आणि हातांनी रांधायला लागल्या. कांदा किती परतला ते रंगावरून, मासा शिजला की नाही ते बोटाने दाबून. मीठ आयुष्यभर चिमटीने घातलेलं, ते आता चमच्याने घालायला लागल्या. कधी घातलं की नाही याचीच शंका यायची, मग पुन्हा घालायच्या. पहिले काही दिवस जेवताना नवऱ्याच्या आणि लेकीच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी संसारात याआधी कधी विचारला नव्हता.

"छान," काका म्हणाले, आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"छान झालंय," लेक म्हणाली.

काकूंना हायसं वाटलं. इतक्या वर्षांचा हात आहे, त्या मनाशी म्हणाल्या, त्याला नाकाची गरज काय! पुढे लेकीनेच एक नवी रीत पाडली. "आई, तू आजारातून उठलीयेस. तू आधी गरम गरम जेवून पड बरं. आम्ही मागून घेऊ, आणि मागचं सगळं मी आवरीन." लेक एरवी फार बोलणारी नव्हती. तिचा हा जिव्हाळा बघून काकूंना भरून आलं. त्यांनी हे शेजारच्या टेलरबाईलाही सांगितलं आणि कौतुकाने वाटीभर भाजी दिली. वाटी दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत आली. "छान होती हो," टेलरबाई म्हणाली आणि घाईने मशीन चालवायला लागली.

त्या वर्षी परसाने मात्र कमाल केली. टोमॅटो असे लगडले की काठ्यांचे आधार वाकले. काकू एखादा तोडून, पुसून, तिथेच चावायच्या. रस हनुवटीवरून ओघळायचा. थंड, ओलं, बस्स. लाल रंग तेवढा खरा.

एका सकाळी वांग्यांच्या वाफ्याला खत घालावं म्हणून त्यांनी खड्ड्यावरचा वाळका पाला फावड्याने ओढला. खाली भात होता. नुसता भात नव्हे, वर रस्सा ओतलेला. आदल्या दिवशीचाच, गाजराचे तुकडे तसेच्या तसे. काकूंना वाटलं, उरलं असेल. त्यांनी फावडं आणखी खाली घातलं. माशाचे अख्खे तुकडे निघाले, बोटही न लागलेले. त्याखाली वांग्याची भाजी, तिच्यावर बुरशी. त्याखाली आणखी काही, काळं पडलेलं, ओळखू न येणारं. थरावर थर. वर दर वेळी पाला नीट पसरलेला. एखाद्याने अगदी काळजीपूर्वक केलेलं काम.

घाण सुटली असणार. काकूंना ती आली नाही.

त्यांनी हात धुतले, दाराला कडी घातली आणि काकांच्या दुकानाकडे निघाल्या. जेवणाची वेळ होती. दुकान बंद होतं. सकाळी त्यांनीच भरून दिलेला डबा मशिनीच्या मागे ठेवलेला काचेतून दिसत होता. काकू वळल्या आणि शेजारच्या खाणावळीच्या खिडकीपाशी त्यांचे पाय खिळले.

आत नवरा आणि लेक समोरासमोर बसले होते. काका काहीतरी सांगत होते आणि लेक हसत होती, तोंडावर हात न ठेवता, दात दाखवून. हसता हसता ती पावाच्या तुकड्याने ताट पुसत होती. शेवटचा थेंबसुद्धा सोडत नव्हती. घरच्या ताटाशी ती अशी बसलेली काकूंना आठवेना.

मालकाने त्यांना पाहिलं. तो आता चांगला भरला होता, केस पांढरे झाले होते. काकूंना वाटलं, आता हा सूड उगवणार. चार लोकांत हसणार. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, बोलायला तयार.

तो स्वतः दारापर्यंत आला. "या ना काकू, आत या," तो हळू आवाजात म्हणाला. "बरं वाटतंय ना आता? काकांनी सांगितलं होतं मला, तापानंतरचं. माझ्या आत्याचं असंच झालं होतं."

म्हणजे नवऱ्याला माहीत होतं. यालाही माहीत होतं. बहुधा टेलरबाईलाही. सगळी गल्लीच मूग गिळून बसली होती.

काकू आत गेल्या आणि नवऱ्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. लेकीचं हसू जागच्या जागी विरलं. "अगं, तू..." काका म्हणाले.

"मलाही हेच आणा," काकू मालकाला म्हणाल्या.

ताट आलं. आजूबाजूच्या टेबलांवरची बडबड थांबली. जुनी गिऱ्हाईकं काकूंना ओळखून होती. काकूंनी चमचा बुडवला, तोंडात घेतला, आणि घोळवला. गरम होतं. दाट होतं. आणखी काहीही नव्हतं. त्यांनी दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. सगळे बघत होते.

"मीठ कमी आहे," काकू म्हणाल्या.

त्यांची नजर नवऱ्यावर होती. काकांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं, त्यावरून त्यांना कळलं की मीठ अगदी बरोबर आहे.

"हो, आज जरा कमीच पडलंय," मालक म्हणाला. "थांबा, दुसरं आणतो." त्याने ताट उचललं, आणि आजूबाजूचे लोक, लहान मुलाने काही म्हटलं की माना डोलावतात तशा माना डोलावून आपापल्या ताटाकडे वळले. कुणी हसलंसुद्धा नाही. दुसरं ताट यायच्या आत काकू उठून बाहेर पडल्या.

संध्याकाळी दोघं घरी आली तेव्हा शेगडी थंड होती.

"किती दिवस चाललंय हे?" काकूंनी विचारलं.

"तू बरी झालीस तेव्हापासून," काका म्हणाले. "दूध करपलं त्याच दिवशी मला शंका आली होती."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुला? तुला कोण सांगणार?" काकांचा आवाज चढला. तो सहसा चढत नसे. "उभ्या जन्मात कुणाचं ऐकून घेतलंस तू? आणि तू तरी सांगितलंस का आम्हाला?"

काकू लेकीकडे वळल्या. "आणि तू गं? आईला फसवताना काही वाटलं नाही? जिव्हाळा म्हणे!"

लेक भिंतीला टेकून उभी होती. "फेकताना वाईट वाटायचं," ती म्हणाली. "पण आई, खरं सांगू? तिथे मी सुखाने जेवते. इथे लहानपणापासून प्रत्येक घास तुझ्या तोंडाकडे बघत गिळलाय. शाळेत असताना मी एकदा पाहुण्यांसाठी भात केला होता, आठवतं? तू सगळ्यांसमोर मोरीत ओतलास. त्यानंतर मी कधी शेगडीजवळ उभी राहिले का, सांग."

काकूंना तो भात आठवला नाही. किती आठवायचा प्रयत्न केला तरी आठवला नाही, आणि हे त्या लेकीला सांगू शकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर करून टाकलं, "आजपासून मी स्वयंपाक करणार नाही." आता दोघं विनवण्या करतील, असं त्यांना वाटलं होतं. निदान एकदा तरी नवरा म्हणेल, अगं, असं काय करतेस. काका म्हणाले, "बरं झालं. तुलाही आराम." त्याच दुपारपासून खाणावळीतून तिघांचा डबा यायला लागला. मालकाने काकूंचा भात मऊ ठेवायची आठवण ठेवली होती. काका अंगाने सुधारले. घरात कधी नव्हे ते भांडण होईना. दुपारी काकूंना करायला काही नसे. त्या खिडकीत बसायच्या आणि टेलरबाई मशीन चालवताना वर बघत नाही, हे बघायच्या.

टोमॅटो पिकत राहिले. मालकाने काकांबरोबर निरोप धाडला, काकूंचे टोमॅटो नामी दिसतात, खाणावळीला देतील का. काकू नाही म्हणाल्या. टेलरबाईलाही दिले नाहीत. पिकून ते फुटले, त्यांच्यावर माश्या बसल्या, आणि एक दिवस काकूंनी झाडंच मुळासकट उपटून खड्ड्यात टाकली. काकांनी दारातून पाहिलं आणि ते आत गेले.

लेक हळूहळू सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक करायला लागली. आधी अंडी, मग भात, मग एक दिवस मासे. काकू बाहेरच्या खोलीत बसून भांड्यांचे आवाज ऐकत. तेल जास्त तापलंय, हे त्यांना आवाजावरून कळायचं. उठावंसं वाटायचं, ओरडावंसं वाटायचं. त्या पदर गच्च धरून बसून राहायच्या.

त्या दिवशी तिघं एकत्र जेवायला बसली. लेकीने माशाचं ताट आधी काकूंसमोर ठेवलं, मग वडिलांसमोर. काकांनी घास घेतला, डोळे मिटले आणि बोटं चाटली. "वा गं पोरी!"

"खरंच?" लेक म्हणाली. "लिंबू जास्त नाही ना झालं? नीट सांगा हं बाबा."

"छे! झकास झालंय."

काकू जेवत होत्या. मासा मऊ होता, काटे नीट काढलेले होते. आता ती आपल्याकडे वळेल, म्हणून त्यांनी घास गिळून तोंड मोकळं ठेवलं. काय म्हणायचं तेही ठरवलं होतं. चांगलं म्हणायचं. लेकीने वडिलांना आणखी एक तुकडा वाढला, मग आईला वाढला, आणि स्वतःचं ताट पुढे ओढून खायला लागली. दोघांचं बोलणं चष्म्याच्या दुकानातल्या कुठल्याशा भांडकुदळ गिऱ्हाइकावर गेलं.

काकूंनी ताटातलं सगळं संपवलं, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि हात धुतले.