आत्याचा अर्धा कोयता

आमची आत्या ऊस तोडायला लागली की गडीबी मागं राहायचे. तोडीवर कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी, दोघं मिळून एक. मुकादमानं इचारलं, "नवरा कुठाय तुजा?" आत्यानं संगतीच्या सुंदरामावशीला पुढं केलं. "ही माजा अर्धा कोयता. न्यायचं तर दोघींला न्या." मुकादम हासला, मंग त्यांनी बांधलेली उसाची मोळी बघितली अन् दोघींची नावं लिवून घेतली.

फडावर एका खोपीत, गावात एका घरात, अशाच राहिल्या दोघी. बाया टोमणे मारायच्या, "कुंकू कुणाच्या नावाचं गं?" आत्या म्हणायची, "कपाळ माजं हाय, तू कावून पुसतीस?"

अशी आत्या, पण दवाखान्याला लई भ्यायची. अंगावरून जायला लागलं तवा एकदा गेलती. लग्न न्हाई म्हणल्यावर तिथल्या बाईनं तपासलंच न्हाई, वरून म्हणली, "मंग हा आजार कुठून आणला?" आत्या उठून आली ती पुन्हा गेलीच न्हाई.

दुखणं वाढलं. मी तवा पोटुशी होते, मला काय सुचंना, मी आपली गळ्यातली काळी पोत काढली, म्हणलं ही घाल, कुणी काही इचारणार न्हाई. तिनं ती माज्याच गळ्यात परत घातली. "तुज्या नवऱ्याला माज्या गळ्यात कावून अडकवतीस गं?" मी रडता रडता हासले.

मंग अंबाजोगाईला गेलो, तिघी. डाक्टरीण लहानच होती. "मालक काय करतात?" म्हणली. आत्यानं एकदा दाराकडं बघितलं. तरी म्हणली, "मालक न्हाईत. ही सुंदरा. माजा संसार हिच्यासंगं हाय. आता नीट तपासा." माजी छाती अशी फुगली, जसं मीच बोलले! डाक्टरणीनं मावशीला खुर्ची दिली. "तुमीबी बसा," म्हणली.

पण उशीर झालता. पिशवीचा कॅन्सर पसरलता. आत्या गेली तवा मावशी उशाशी होती, कुणी तिला बाहेर काढलं न्हाई.

आता लेक झाली मला, अन् मलाबी तसंच अंगावरून जातंय. लई भ्या वाटतं, पण आत्याची भाची हाय मी, आज दवाखान्याला निघाले. मावशीला म्हणलं, संगं चल. ती म्हणली, "लोक इचारतील, ही तुजी कोण?"

"माजी आत्या हाय म्हणीन."

मावशीनं लेकीला टोपडं घातलं, कडंवर घेतलं, अन् माज्या आधी फाट्यावर जाऊन यष्टीची वाट बघत उभी राहिली.