हातानं बोलणारं गाव

आजऱ्याच्या स्टँडवर एस.टी. हलली तसा मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. वडील, आमचे आबा, खालून ओरडले, "हात आत घे की, मोडून घेतोयस!" नव्वद सालच्या आसपासची गोष्ट, इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला निघालो होतो. दहाएक वर्षांनी हात खरंच मोडला. तिथंच, मागाच्या पट्ट्यात दंड सापडून.

हाड जुळलं, पण नस गेली. उजवं मनगट लोंबायला लागलं, बोटं सरळ होईनात. आजऱ्यातल्या मंडळींनो, तुम्ही आमची शेड बघितली नाही. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातानं बोलतो. पंजा वर केला की 'थांब'. बोटं तोंडाशी नेली की 'जेवलास?' डाव्या हातानं बोलायला गेलो की पोरं हसायची, तोतरा म्हणायची.

काम सुटलं, घरी आलो. आई भात कालवून पुढं ठेवायची. आबा म्हणायचे, "ऱ्हा की हितंच, काय कमी हाय?" कमी काहीच नव्हतं हो. पण जीव कोंडला होता नुसता. हात उघडला नाही तर जन्मभर हाच उंबरा, ह्या विचारानं घास उतरत नव्हता.

शेवटी कोल्हापुरात ऑपरेशन झालं. मनगट खाली वाकवणाऱ्या स्नायूची दोरी काढून बोटांना जोडली, दुसरी एक मनगटाला. डॉक्टर म्हणाले, "बोटं उघडायची असली, की मनगट खाली वाकवायचं मनात आणा." म्हटलं, ही काय तऱ्हा! प्लास्टर निघाल्यावर मंगळवार पेठेत मावशीच्या खोलीत भिंतीकडं बघत तेच करत बसलो. सरळ उघडायला गेलो की बोटं ढिम्म. रडलोसुद्धा, लाज कसली त्यात. मग एका सकाळी उघडली.

शेडच्या दारात उभा राहिलो. पलीकडच्या मागावरून म्हादूनं बोटं तोंडाशी नेली, 'जेवलास?' मी सावकाश पंजा उघडून 'जेवलो' सांगितलं. डोळे भरून आले. परत त्याच खडखडाटात अडकलो, हे कळत होतं तरी.

परवा दिवाळीला आजऱ्याला गेलतो. आबांना आता कमी दिसतं. अंगणात बसले होते. मी फाटकातूनच सवयीनं बोटं तोंडाशी नेली. आबांनी कपाळाशी हात धरून निरखलं.

"कोण पावणं? आत या की."

मी दारात चपला काढल्या. आत जाऊन पावण्यांच्या खुर्चीवर बसलो.