बकेटचे दात का पडत होते

"मॅडम, तुमचा अजून एक दात पडला न."

कँटीनच्या रांगेत ताट घेऊन उभी असताना हा फोन आला. हात भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता. पुढे उभ्या असलेल्या एचआरच्या बाईंनी वळून माझ्या तोंडाकडे काळजीने पाहिलं. माझे दात शाबूत आहेत. पडत होते ते खाणीतल्या मशीनचे, आणि ते जागेवर धरून ठेवायचं काम आमच्या कंपनीचं आहे.

मी कांचन सावंत. मुलुंडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटी बघते. काय बनवता असं कुणी विचारलं की मी आधी त्यांना बसायला सांगते. खाणीत खोदायला जे मोठे एक्सकॅव्हेटर असतात, त्यांच्या बकेटच्या ओठावर लोखंडी दात असतात. खडकात घुसून घुसून ते झिजतात, म्हणून ते बदलता येतील असे करतात. पेनाच्या टोपणासारखा दात बकेटवरच्या नाकाडावर चढवायचा आणि आडवी एक पिन ठोकायची. ती पिन बाहेर येऊ नये म्हणून एक लॉक असतं. लॉक म्हणजे तळहातावर मावेल असा लोखंडी तुकडा आणि त्याच्या पाठीला चिकटवलेलं रबर. पिन आत जाताना रबर दबतं, मग उसळून तो तुकडा पिनच्या खाचेत ढकलतं. दात दोन माणसांना उचलावा लागतो, पण त्याला धरून ठेवतं ते हे चिमूटभर रबर.

फोनवर होते देशमुख, विदर्भातल्या एका कोळसा खाणीचे मेंटेनन्स इंजिनिअर. महिन्यातला हा तिसरा दात होता.

"मिळाला का दात?" मी विचारलं.

"मिळाला न. क्रशरमध्ये मिळाला." कोळसा भरडणाऱ्या त्या मशीनचं नाव घेताना देशमुखांचा आवाज एकदम खाली आला. "कोळशासंगं आत गेला, क्रशर जाम. भीमराव आत उतरला काढायला. मी वर उभा होतो, मॅडम. तीन घंटे. सगळं बंद केलं, कुलपं लावली, तरी मी तिथून हललो नाही. पुन्हा एकदा माणूस आत उतरवायची माझी हिंमत नाही. पंधरा दिवसांत कारण सांगा, नाही तर तुमचे लॉक आम्ही काढून टाकतो."

मी ताट तसंच ठेवलं आणि पवईला फोन लावला.

पवईला आमचं हेड ऑफिस आहे. मुलुंडला वस्तू बनते, पवईला तिच्याबद्दल मीटिंग बनते. दुसऱ्याच दिवशी तलावाकडे तोंड करून असलेल्या काचेच्या खोलीत आम्ही नऊजण बसलो. टेबलाच्या मध्यभागी एक ट्रॉफी होती, 'झीरो रस्ट'. गेल्या वर्षी आमच्या मालावर गंज चढल्याची तक्रार आली होती. तो गंज आमचे व्हीपी दीक्षित सर यांनी एका सर्क्युलरने संपवला, म्हणून हेड ऑफिसनेच हेड ऑफिसला ती ट्रॉफी दिली होती.

सरांनी फळ्यावर माशाचा सांगाडा काढला. ही क्वालिटीतली जुनी पद्धत आहे. डोक्याच्या जागी प्रॉब्लेम लिहायचा, एकेका काट्यावर माणूस, मशीन, मटेरियल, मेथड असं लिहायचं, आणि सगळ्यांनी संशय येईल त्या काट्यावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. 'माणूस' या काट्यावर अकरा चिठ्ठ्या लागल्या, कारण तो माणूस पवईत नव्हता.

"ऑपरेटर मशीन रफ चालवतात," दीक्षित सर म्हणाले. "ट्रेनिंगचा इश्यू आहे."

"सर, मला वाटतं पर्सेप्शनचा पण आहे," मार्केटिंगचा रोहन म्हणाला. "लॉक दिसतच नाही यार कोणाला. आपण ते लाल करूया. लाल म्हणजे सेफ्टी."

लाल रंगावर वीस मिनिटं चर्चा झाली. मी म्हटलं, तीन दात एकाच महिन्यात पडले, आधीची चार वर्षं एकही नाही, ऑपरेटर तेच आहेत. सर म्हणाले, "गुड पॉइंट, कांचन. ट्रेनिंगमध्ये घाल." मग बेचाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन तयार झालं. त्यातल्या पहिल्या सहा स्लाइड कंपनीच्या व्हिजनवर होत्या. ते घेऊन माझी रवानगी खाणीवर झाली.

देशमुखांनी माझा लॅपटॉप उघडूच दिला नाही. "आमच्या ऑपरेटरला काय शिकवून राहिले तुम्ही? आधी भीमरावला भेटा."

भीमराव पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा फिटर. त्याने माझ्यासमोर एक नवा दात बसवला. तारेच्या ब्रशने नाकाड साफ केलं, जुना चिखल टोकदार सळीने खरवडून काढला, लॉक खोबणीत ठेवलं, दात चढवला, पिन ठोकली. आमच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते सगळं त्याने केलं, आणि मॅन्युअल त्याने कधी पाहिलंही नव्हतं. ठोकून झाल्यावर तो कान लावून थांबला.

"काय ऐकता?" मी विचारलं.

"टक् वाजत होतं पहिले. लॉक खाचेत बसलं की टक् वाजे. आता वाजत नाही."

"कधीपासून?"

"झाले पाच-सहा महिने."

"कोणाला सांगितलं का?"

"तुमचेच साहेब आले होते न पवईहून. त्यांना सांगितलं. त्यांनी फॉर्मवर लिहून नेलं."

तो फॉर्म मला आठवला. कस्टमर फीडबॅकच्या त्या फॉर्ममध्ये 'नॉइज' असा एक रकाना आहे. त्यात लिहिलं होतं, 'नॉइज कमी झाला.' पवईने तो सुधारणांच्या यादीत घातला होता आणि वार्षिक अहवालात छापलाही होता. भीमरावला हे सांगायचा धीर मला झाला नाही.

मी मशीनवरचं एक लॉक काढायला लावलं. रबर चहात बुडवलेल्या बटरसारखं झालं होतं. अंगठा दाबला की आत जायचं आणि सावकाश, मर्जी असेल तर वर यायचं. अशा रबरात तो तुकडा खाचेत ढकलण्याचा दम कुठून येणार? मशीन हादरलं की पिन सरकणार, पिन गेली की दात जाणार. मला वाटलं, खाणीतल्या उष्णतेने झालं असेल. म्हणून स्टोअरमधून न उघडलेलं पाकीट मागवलं. त्यातलंही रबर तसंच मऊ होतं. पाकिटाला तेलाचा वास येत होता.

"माल तुमच्याकडूनच असा येऊन राहिला," देशमुख म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी मला पाणी आणून दिलं.

मुलुंडला परतल्यावर मी घरी न जाता थेट स्टोअरमध्ये गेले. आमचे स्टोअरकीपर वैतीदादा. भांडुपकडचे कोळी, त्यांचे भाऊ अजून खाडीत होडी घालतात. दादांच्या स्टोअरमध्ये एक वॉशर इकडचा तिकडे होत नाही. पुढच्या वर्षी ते रिटायर होणार होते.

"दादा, लॉक पॅक करायच्या आधी काय करता?"

"तेलात बुडवतो ना." त्यांनी अभिमानाने पिंपाचं झाकण उघडलं. "गंज नको ना यायला. खाडीचा वारा आहे, मॅडम, इथे खिशातली चावी गंजते. दोन दिवस चांगलं मुरवतो, मग पॅक करतो."

आतमध्ये शेकडो लॉक, रबरासकट, गंजरोधक तेलात डुंबत होती.

साध्या रबराचं आणि खनिज तेलाचं जमत नाही. रबर तेल पितं, फुगतं, मऊ पडतं. हे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. मी चिडून म्हटलं, "रबराला तेल? कोणी सांगितलं तुम्हाला?"

दादांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे लॅमिनेट केलेलं ते सर्क्युलर होतं, ट्रॉफीवालं. 'पॅकिंगपूर्वी सर्व पार्ट गंजरोधक तेलात बुडवावेत.' खाली दीक्षित सरांची सही. त्याच्या खाली 'तपासले, क्वालिटी', आणि माझी सही.

"मी विचारलेलं ना तुम्हाला," दादा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "रबरवाल्याला पण बुडवू काय, बोललो. आमच्या होडीच्या इंजिनाला रबरी पाइप असतो, त्याला तेल लागलं की बाबा शिव्या घालायचा. तर तुम्ही बोललात, सर्व लिहिलंय ना, मग सर्व."

मला आठवलं. ऑडिटची गडबड होती, मी चहा पीत उभी होते, कप खाली न ठेवता उत्तर दिलं होतं. हातात व्हिजनच्या सहा स्लाइड घेऊन मी ज्या माणसाला शिकवायला गेले, त्या भीमरावला मीच क्रशरमध्ये उतरवलं होतं. मला मनापासून लाज वाटली, आणि ती लपवायला मी उगाच पिंपातली लॉक मोजत बसले.

पुढचे तीन दिवस मी रीतसर टेस्ट घेतली. रबर चिकटवून देणाऱ्या सप्लायरकडून ताजी वीस लॉक मागवली. दहा कोरडी ठेवली, दहा दादांच्या पद्धतीने मुरवली, मग एकेक बसवून पिन ठोकून पाहिली. कोरडी दहाही टक् वाजली. मुरवलेल्यांपैकी एकही वाजलं नाही. रिपोर्ट एका पानाचा झाला.

पवईला पुन्हा तीच खोली, तीच ट्रॉफी. दीक्षित सरांनी एक पानाचा रिपोर्ट उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

"म्हणजे स्टोअरची चूक. स्टोअरकीपर कोण आहे? त्याला मेमो द्या. नाही, घरीच बसवा. क्लायंटला सांगता येईल की आपण ॲक्शन घेतली."

"सर, त्यांनी सर्क्युलर पाळलं."

"सर्क्युलरचा इंटेंट बघायचा असतो, कांचन."

"स्टोअरमध्ये इंटेंट लावलेला नाही सर, सर्क्युलर लावलंय." मी भिंतीवरून उतरवून आणलेला तो लॅमिनेटचा कागद टेबलावर ठेवला. "वर तुमची सही आहे, खाली माझी. दादांनी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं. घरी बसवायचं तर माझ्यापासून सुरुवात करा."

रोहनने तलावाकडे पाहायला सुरुवात केली. हळूहळू सगळेच तलावाकडे पाहू लागले. शेवटी सर म्हणाले, "कोणाला घरी बसवायचं नाही. आपण याला प्रोसेस गॅप म्हणू. रबर सप्लायरची बॅच पण बघा. किनारपट्टीचं हवामान वगैरे घाला. ड्राफ्ट लीगलकडून फिरून येऊ दे, दहा दिवसांत क्लायंटला पाठवू."

देशमुखांच्या पंधरापैकी पाच दिवस उरले होते. आणि खाणीवर तीच मऊ लॉक लावून बकेट चालू होत्या. दहा दिवसांत अजून एक दात पडला असता आणि भीमराव अजून एकदा आत उतरला असता.

मी खाली लॉबीत येऊन फोनवरूनच मेल लिहिला. 'आम्ही रबराला तेल लावलं, म्हणून ते मऊ पडलं. चूक आमची आहे, तुमच्या माणसांची नाही. जुनं एकही लॉक वापरू नका. कोरडी लॉक आज निघत आहेत. पिन ठोकल्यावर टक् वाजलं नाही तर ती बकेट चालवू नका. हा निर्णय भीमरावांच्या कानावर सोडा.' नाहूरला घर, मुलीचं कॉलेज, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तरी पाठवला.

देशमुखांचं उत्तर दोन शब्दांचं आलं. 'बकेट थांबवल्या.'

पुढचं थोडक्यात सांगते. गिऱ्हाईक टिकलं. मला मेमो मिळाला, परवानगीशिवाय क्लायंटला माहिती दिल्याबद्दल. रिपोर्टात किनारपट्टीच्या हवामानावर दीड पान होतं. लॉक लाल झालं. त्याने काही फरक पडला नाही, पण चिखलात सापडायला सोपं जातं, हे मी रोहनला प्रामाणिकपणे सांगितलं. दोन महिन्यांनी देशमुखांचा फोन आला, तेव्हाही मी कँटीनच्याच रांगेत होते.

"दात?" मी विचारलं.

"जागेवर आहेत न सगळे. भीमराव म्हणे, मॅडमला सांगा, टक् वाजून राहिलं." मला तिथेच रडू आलं. एचआरच्या बाईंनी पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच, की माझ्या कामातला सगळ्यात धोक्याचा पार्ट रबर नाही, माझी सही आहे. पवई काय शिकली ते गेल्या आठवड्यात कळलं. नवं सर्क्युलर आलं, लॅमिनेट करूनच. 'सर्व रबरी पार्ट पूर्णपणे कोरडे ठेवावेत. तेल अथवा ग्रीस लावण्यास सक्त मनाई.' सरांची सही होती. खाली क्वालिटीसाठी जागा रिकामी होती.

वैतीदादा तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले. मी चहा पीत होते.

"मॅडम, एक विचारू? आपल्या त्या ग्रीस पंपाच्या रबरी रिंगा येतात ना, तेल सोसणाऱ्या वेगळ्या रबराच्या, त्या ग्रीस लावूनच येतात. कोरड्या केल्या तर फाटतील त्या. त्यांचं पण पुसून काढू काय?"

मी कप खाली ठेवला आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा दादा," म्हटलं, "पहिल्यापासून सांगा."