कबड्डीच्या मैदानाला घातलेली माती

सांगलीच्या ज्या कॉलेजात मी कबड्डी खेळलो, तिथल्या मैदानात दर दसऱ्यानंतर नवी माती पडायची आणि ती आमच्या शेतातली असायची. कवठे महांकाळजवळ ओढ्याकाठी आमचा तुकडा आहे. तिथली माती मऊ, पडलं तरी गुडघा फुटत नाही. आम्ही जुने खेळाडू जमून ती चाळायचो, खडा न् खडा वेचायचो, पाणी मारून रोलर फिरवायचो. फौजेत लागल्यावरही मी सुटी नेमकी तेव्हाच काढायचो. घरी आलो तरी दिवसभर मैदानावरच. बायको म्हणायची, "आवं, त्या कालेजाशीच लगीन लावायचं हुतं की."

निवृत्त झाल्यावर तर मला दुसरा उद्योगच उरला नाही. मुलींचा संघ काढायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या आईबापांची समजूत काढत घरोघर मीच हिंडलो.

यंदा कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे आमच्याच संघाचा जुना कप्तान. "गड्या, तुझा सत्कार ठेवलाय. जलमभर खेळासाठी राबलास." खोटं कशाला बोलू, मी हरखलो. पावसाळाभर मैदान बंद, म्हणून तीन-चार महिने तिकडे पाऊल पडलं नव्हतं. कडक इस्त्रीचे कपडे घालून गेलो.

बघतो तर मैदानावर सिमेंटचे ब्लॉक बसवलेले. कडेला कमान, हिरवळीची पट्टी आणि लग्नासाठी लॉन भाड्याने मिळेल असा बोर्ड. त्या लॉनचं त्याच दिवशी उद्घाटन होतं. माझा सत्कार त्यातच उरकून घ्यायचा होता. अंगावर शाल पडली तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, आपल्या पोरी आता कुठे खेळणार? नारळ हातात धरून मी कप्तानाला तेच विचारलं.

"मातीत आता कोन खेळतंय रं? मॅट येनार हाय."

"कवा?"

"येईल की. बरं, कडंनं झाडं लावायची हायत. तुझ्या शेतातली दोन ट्रॉली माती टाक. लय झ्याक माती हाय तुझी."

तोंडात शिवी आली होती, ती गिळली. "माझी माती पोरींच्या गुडघ्याखाली घालायला हाय," मी म्हणालो, "नवरानवरीच्या फोटोसाठी न्हाई."

तो हसला आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला. ह्या माणसाची चढाई फसून तो बाद झाला की त्याला परत आत आणायला पुढची पकड मी जिवावर उदार होऊन करायचो. आज त्याचीच चीड येते.

मैदानात शिरताना आणि बाहेर पडताना रेषेशी वाकून माती कपाळाला लावायची, ही आमची रीत. पोरींनाही ती मीच शिकवली. निघताना पाय आपोआप थांबले. रेषा कुठे होती तेही कळेना, तरी अंदाजाने वाकलो. तापलेल्या ब्लॉकचा चटका बसला, बोटांना काहीच लागलं नाही. ती कोरडी बोटं तशीच कपाळाला लावून मी फाटकाबाहेर आलो.