निरंकसाहेब

शेतजमिनीवर कारखाना किंवा वसाहत उभी राहायची असली, की त्या मातीखाली जुनं काही आहे का हे आधी तपासावं लागे. ज्यांना काही सापडायला नको असे, ते निरंकसाहेबांना बोलावत. हे नाव त्यांना पुरातत्त्व खात्याच्या कचेरीनेच ठेवलं होतं, कारण त्यांचा प्रत्येक अहवाल 'निरंक' या शब्दाने संपे.

साहेबांची पाहणी म्हणजे बांधावरून फेरफटका. चिखल असला तर तोही गाडीच्या काचेतून. खापरं दिसली तर ती 'अलीकडची', दगडांची रांग दिसली तर ती 'नैसर्गिक'. हाताखालच्या एका मुलीने एकदा मातीत अर्धी गाडलेली जुनी भट्टी दाखवली. साहेब वाकलेसुद्धा नाहीत. "असल्या भट्ट्या पैशाला पासरी मिळतात," म्हणाले आणि पुढच्याच महिन्यात तिची बदली करवली. एवढं करून घरी बायकोपुढे रुबाब असा, की अख्खा इतिहास जणू यांच्याच खिशात.

निवृत्तीच्या आधी साहेबांनी माळाच्या उतारावर जागा घेऊन टुमदार घर बांधलं. त्या जागेची पाहणी साहेबांनीच केली. निकाल काय लागला हे सांगायला नकोच. अंगणात गुलाब लावले, व्हरांड्यात आरामखुर्ची टाकली आणि समोरची टेकडी जणू स्वतःच रचल्यासारखी पाहुण्यांना दाखवू लागले.

मग शेजारचं शेत एका गोदामवाल्याने घेतलं. टेकडी झाकेल एवढी उंच पत्र्याची शेड येणार म्हटल्यावर साहेबांच्या पायाखालची वाळू सरकली. उभ्या नोकरीत ज्यांना काही दिसलं नव्हतं, त्या डोळ्यांना आता ढेकळाढेकळात इतिहास दिसू लागला. साहेब गुडघ्यावर रांगत खापरं वेचू लागले. रुमालभर खापरं त्यांनी बायकोपुढे ओतली.

ती म्हणाली, "अहो, ही पण अलीकडचीच असतील ना?"

साहेबांनी खापरं घेऊन तडक कचेरी गाठली. साहेबांच्या जुन्या खुर्चीत ती बदली केलेली मुलगी बसली होती. केस पांढरे व्हायला लागले होते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"खणून बघू, सर. पण काही निघालं, तर ते कुठवर जातं तेही बघावं लागेल."

"बघ की. पार टेकडीपर्यंत बघ," साहेब उदारपणे म्हणाले.

चाचणीचे खड्डे घेतले आणि खरोखरच कुंभारांची जुनी वस्ती निघाली. ओळीने भट्ट्या, चोपलेल्या जमिनी, फुटक्या मडक्यांचे ढीग. गोदामवाला दुसरी जागा शोधायला गेला. साहेब आल्यागेल्याला सांगत सुटले, "नजर असावी लागते हो, नजर."

आठवड्याभरात कचेरीतल्या त्या बाई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "सर, वस्तीचा मुख्य भाग तुमच्या अंगणाखाली दिसतोय."

"छे, छे. तिथे काही नाही. मी स्वतः पाहणी केलीय."

"हो, तो अहवाल मी वाचलाय. म्हणूनच आले."

गुलाब गेले, व्हरांडा उतरवला, आरामखुर्ची आत आली. खड्ड्यात अशी देखणी भट्टी निघाली, की बघायला दुसऱ्या गावांहून माणसं येऊ लागली. साहेब तेवढे फिरकले नाहीत. पडदे ओढून ते जुन्या सहकाऱ्यांना फोन करत, "हल्ली खात्यात फार उतावळी माणसं भरलीयत."

बायको मात्र पहिल्या दिवशी खणणाऱ्यांना चहा द्यायला म्हणून गेली, ती तिथेच रमली. मऊ ब्रशने माती झाडायला शिकली. ज्या कामाची नुसती ऐट तिने जन्मभर बघितली होती, ते काम तिने पहिल्यांदाच पाहिलं.

एका दुपारी साहेबांनी खिडकीतून विचारलं, "आज जेवण आहे का नाही?"

"झाकून ठेवलंय, वाढून घ्या," ती मान वर न करता म्हणाली, "आत्ताच मडक्याचा काठ दिसायला लागलाय."