लाडवाचा नमुना

माझी निम्मी नोकरी दुसऱ्याच्या पोत्यात हात घालण्यात गेली. लिहायला लाज वाटते, पण लाजेचं वय आता निघून गेलं.

नळदुर्गाच्या पुढं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर एक तपासणी नाका होता. कुणाचा होता ते लिहीत नाही. आता तो उठलाय, तिथं उसाच्या रसाचं दुकान आहे आणि माझ्या मते त्या जागेची इज्जत वाढली आहे. मी तिथं कारकून होतो. ट्रक थांबायचा, ड्रायव्हर कागद द्यायचा, मी कागद बघायचो आणि मग म्हणायचो, ताडपत्री काढ. आत काय आहे ते कागदावर लिहिलेलं असायचंच, तरी नमुना काढावा लागे. द्राक्षं असली तर एक पेटी, आंबे असले तर एक पाटी. कांद्याच्या नमुन्याला पोतं लागायचं, कारण एका कांद्यावरून माणसाला काय कळणार? हा नमुना कुठल्याच प्रयोगशाळेत गेला नाही. तो माझ्या सायकलीवरून, पुढं मोटारसायकलीवरून, घरी यायचा आणि आम्ही तो खाऊन तपासायचो. आम्ही कधी कुणाचा माल नापास केला नाही.

पैशाला हात लावला नाही, हे मी पुष्कळ दिवस अभिमानानं सांगत होतो. खाण्यात पाप नसतं, असा नाक्यावर आमचा सगळ्यांचा समज होता. देवाला नैवेद्य, नाक्याला नमुना.

लेक सातवी-आठवीत असताना एका संध्याकाळी मी द्राक्षाची पेटी आणली. लांबट मण्यांची, निवडक. पेटी मी स्वतः निवडायचो. वरची नव्हे, मधल्या थरातली. लेकीनं हात लावला नाही.

"खा की."

"नको."

"का?"

"माझ्या वर्गातल्या पोरीच्या बागेतली हायती. पेटीवर त्यांचं चिन्ह हाय. तिचे अप्पा म्हणत होते, नाक्यावरचा माणूस बरोबर चांगली पेटी वळखून काढतो."

मी काही बोललो नाही. तसाही मी कमीच बोलतो. बायको म्हणते, तुमच्या तोंडाला नाका हाय, आत जातं तेवढं, बाहेर काय येत न्हाय. त्या दिवसापासून लेक माझ्यासमोर घरातलं फळ खाईना. मी का ते विचारलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं. नमुना काढणं बंद केलं का? नाही. फक्त पेटी घरात आणताना पिशवीत घालून आणू लागलो.

ती लेक शिकली, लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली, आणि यंदा तिथं बाळंत झाली. मुलगी झाली. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली. तेव्हा बाळंतिणीचा खुराक पोचवायचा जिम्मा माझ्यावर आला. साऱ्या जन्मात मी दुसऱ्याचं खाणं अडवलं, आता स्वतःचं पोचवायचं होतं.

बायकोनं पाय स्टुलावर ठेवून आठवडाभर स्वयंपाकघर चालवलं. शेंगाची चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली. येसर, म्हणजे आमच्याकडं आमटीत घालायचं भाजक्या धान्या-मसाल्याचं पीठ. अळीव. आणि कडक भाकरी, ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली, सहा महिने राहणारी. ती फुटू नये म्हणून तिनं माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या घडीत एकेक घातली. सगळ्यात वर स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू, आणि लाडवांच्या मधोमध कागदात गुंडाळलेला विभूतीचा गोळा.

"हा कशाला खाण्यात?"

"दिष्ट लागू नये म्हणून. डब्याची आन बाळाची, दोन्हीची निघंल. आन ऐका, पयला लाडू तिच्या तोंडात गेला पायजे. माज्या आईनं माज्या तोंडात घातला हुता. मला जाता येत न्हाय, तर निदान माजा लाडू तरी जाऊ द्या."

एवढं बोलून तिनं डोळ्याला पदर लावला आणि मग लगेच, लाडवाला घाम सुटंल, डबा उन्हात ठेवू नका, म्हणून माझ्यावर ओरडली.

आमच्या चहाच्या टपरीवर दुबईला दोनदा जाऊन आलेला एक गडी बसतो. तो म्हणाला, "काका, विमानात कार्ड देत्यात, काय काय आणलंय इचारणारं. त्यावर समद्याला नो म्हणायचं. तुमाला काय शिकवायचं? तुमी तर नाक्यावरचे." लेकीचा मात्र रोज फोन. "अप्पा, तुम्ही सगळं खरं लिहा. लपवलं तर दंड बसतो. खरं सांगितलं तर जास्तीत जास्त वस्तू जाते." मला पहिला सल्ला समजत होता. दुसरा ऐकून घेतला.

विमानात कार्ड आलं. खाण्याचे पदार्थ आहेत का? पेन बराच वेळ हातात धरून बसलो. शेवटी हो केलं. इमानदारीनं नव्हे. बाप लपवताना सापडला, असं लेकीला पुढं कुणाला सांगावं लागू नये म्हणून.

तिथल्या विमानतळावर मला रांगेतून बाजूला काढलं. आधी एक कुत्रं आलं. नाक्यावर आमचंही कुत्रं होतं, पण ते वास घेऊन खायचं. हे वास घेऊन माझ्या बॅगेशेजारी शांत बसलं. शिकलेलं कुत्रं. मग निळे हातमोजे घातलेली, माझ्या लेकीच्या वयाची एक बाई आली आणि तिनं बॅग उघडली. मला चमत्कारिक वाटलं. माझ्या आयुष्यात ताडपत्री नेहमी दुसऱ्याची निघालेली.

सदऱ्यातून भाकरी निघू लागल्या. एक, दुसरी, तिसरी. तिनं एक उजेडात धरली, बोटानं वाजवली.

"प्लेट?" तिनं विचारलं.

"नो प्लेट. ब्रेड."

तिचा विश्वास बसला नाही. मी कोपरा मोडून कडाकड खाऊन दाखवला. शेजारच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. ताट खाणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. ती हसली. भाकरी पास. चटणी हुंगून पास. येसर दोनदा मशीनमधून काढून पास. अळीव एका बाजूला ठेवलं. बी जातच नाही म्हणाली. आणि मग तिनं लाडवाचा डबा उघडला.

तूप आहे का? आहे. दुधाचं? आता तूप कशाचं असतं? तिनं डबा अळिवाशेजारी, त्या दुसऱ्या बाजूला सरकवला.

पुढं जे केलं ते डोक्यानं केलं नाही, हातानं केलं. तो हात नाक्यावर तयार झालेला आहे. माल अडला की काय करायचं हे माझ्या समोर हजार ड्रायव्हरांनी करून दाखवलं होतं. मी डब्यातले दोन लाडू उचलले, मोठे बघून, खिशातल्या कागदी रुमालात ठेवले आणि अदबीनं तिच्यापुढं केले.

"सॅम्पल," मी म्हणालो. "फॉर यू. रेस्ट, माय डॉटर." म्हणजे दोन तुला, उरलेले लेकीला.

तिचं हसू गेलं. तिनं लाडवांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मान वळवून कुणाला तरी हाक मारली. एक पिकल्या मिशांचा, आपल्यासारख्या तोंडवळ्याचा साहेब आला. हिंदी बोलणारा.

"अंकल, ये क्या दे रहे हो आप?"

"नमूना."

"किस बात का नमूना?"

या प्रश्नाचं उत्तर मला साऱ्या नोकरीत कुणी मागितलं नव्हतं. हातात लाडू धरून मी उभा. लाच दिली म्हणून परत पाठवतील, लेक बाळाला घेऊन वाट बघत बसेल, आणि बायको मला घरात घेणार नाही. आणि त्या भीतीपोटी माझं तोंड सुटलं. आमच्या दखनी हिंदीत मी त्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं. की साहब, मैं भी नाके पे था. हमारे में ऐसाच चलता. माल रोको, थोडा निकालो, बाकी छोडो. द्राक्षं, आंबे, कांदे. लेकीनं द्राक्षं खाल्ली नाहीत तेही सांगितलं. ते त्याला कशाला सांगितलं, देव जाणे. बायकोला सांगितलं नव्हतं, मित्राला नव्हतं, आणि इथं निळ्या मोज्यांसमोर, कुत्र्यासमोर, बाजारात पोतं फाटावं तसं सांडलं.

साहेबानं ऐकून घेतलं. मिशीत हसला की नाही, नीट कळलं नाही. म्हणाला, "अंकल, आपने कार्ड पे सच लिखा है, इसलिए जाने देता हूँ. ऐसा फिर मत करना. और यहाँ हम खाते नहीं. फेंकते हैं."

मग त्या पोरीनं कागदातला गोळा उचलला. "आणि हे?"

"अॅश. होली."

"कशाची?"

आता खरंच बोलायचं ठरलं होतं. "काऊ," मी म्हणालो. आणि आवाज खाली करून, "डंग."

तिनं गोळा दोन बोटांत धरून लांब केला. खाण्याच्या डब्यात? हो, खाण्याच्या डब्यात. मी त्यांच्या देशाबद्दल जे वाटायचं ते वाटून घेतलं, त्यांनी माझ्या देशाबद्दल घेतलं असेल.

मग तिनं झाकणाचा एक मोठा डबा ओढला आणि त्यात विभूती, अळीव आणि बायकोचे लाडू एकामागून एक टाकले. लाडू पडताना धप्प धप्प आवाज येत होता. रिकामा स्टीलचा डबा पुसून तिनं मला परत दिला. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात आलं ते असं, की अगं बये, आम्ही निदान खाल्लं तरी असतं. आणि त्याच्यामागोमाग दुसरं आलं: ट्रकशेजारी उभा राहून, मी मधल्या थरातली पेटी निवडत असताना माझ्या हाताकडं बघणारा ड्रायव्हर. तोंड अगदी माझ्याच आत्ताच्या तोंडासारखं.

बाहेर जावई न्यायला आले होते. ते माझ्यासारखेच कमी बोलतात. घरापर्यंत आम्ही हवामानावर एक वाक्य बोललो.

लेकीनं दारातच विचारलं, "काय काय गेलं?"

"लाडू."

"सगळे?"

"सगळे. आन ते जाताना मी एक घोळ घातला."

मग खुर्चीवर बसून मी नमुन्याचं सांगितलं. ती हसायला लागली, हसता हसता पोट धरून बसली, टाके हायत अप्पा, थांबा, म्हणाली. मी थांबलो नाही. त्या साहेबाला सांगितलं होतं ते उरलेलंही सांगितलं. द्राक्षाचं.

"मला कळलं होतं तू का खात नाहीस," मी म्हणालो. "मी बोललो न्हाय."

ती कडक भाकरीवर चटणी घेत होती. "अप्पा, मी खायचे."

"काय?"

"तुम्ही ड्युटीवर गेल्यावर. आईला ठाऊक होतं. लई गोड असायची."

इतकी वर्षं मी ज्या ओझ्याखाली वाकलो होतो, त्यातलं निम्मं तिनं तेवढ्यात खाऊन टाकलं होतं. मला हलकं वाटावं की राग यावा, कळेना. "म्हणजे मी उगाचच—"

"उगाच न्हाय," ती म्हणाली. "मला त्या पोरीशी बोलायला लाज वाटायची. वर्षभर तिच्याशेजारी बसले न्हाय मी. खाल्ली म्हणून."

मी भाकरीचा एक तुकडा मोडून तिच्या पुढ्यात ठेवला.

बायकोचा फोन आलाच. "खाल्ला का पयला लाडू?"

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. ती हो म्हणायला तयार होती, मला दिसत होतं. मीच म्हणालो, "न्हाय. फेकले त्यांनी. तूप हुतं म्हणून."

तिकडून आधी त्या देशाला, त्या पोरीला आणि त्या कुत्र्याला एकेक शिवी आली. मग बारीक आवाजात, "समदे फेकले?" आणि मग नेहमीच्या आवाजात, "तिथं डिंक मिळतो का इचारा जावायाला."

मिळाला. आपल्या लोकांच्या दुकानात डिंक, खारीक, खोबरं, सगळं मिळालं. आमच्या बाजारापेक्षा स्वच्छ निवडलेलं. तूपही मिळालं, तिथल्याच गायीचं. दुसऱ्या दिवशी लेकीनं फोन ओट्यावर उभा करून ठेवला आणि बायको त्यातून मला हुकूम सोडू लागली. मी उभ्या जन्मात चहासुद्धा केलेला नव्हता. "डिंक फुलू द्या. अहो, करपतोय! वास येतोय मला हितपर्यंत." "गूळ आता. तेवढा न्हाय!" "गरम हाय तवर वळा. हात भाजतोय? भाजू द्या. मला कुणी इचारलं हुतं का?"

पहिला लाडू वळला. वाकडा, एका बाजूनं भेगाळलेला, पण लाडू. आणि माझा हात उचलला गेला. कशाला विचारता? सवयीनं. लाडू ओठापाशी गेला तेव्हा समोर लेक बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती, आणि तिची नजर मला ओळखीची होती. द्राक्षाच्या पेटीसमोरची.

मी हात तसाच फिरवून तिच्या तोंडापुढं धरला. तिनं अर्धा तोडला. सावकाश चावला. मग माझं मनगट धरून उरलेला अर्धा माझ्याच तोंडाकडं ढकलला.

"घ्या," ती म्हणाली. "आता काढा नमुना."

"कोण खाल्लं आधी?" फोनमधून बायको ओरडली. "मला दिसंना. आधी कोण खाल्लं?"

"मी, आई," लेक म्हणाली.

"खरं का हो?"

तोंडात लाडू होता. तरी बोललो. "तिनंच. पण हात माझा आधी उचलला हुता."

"ते मला सांगायला लागतं व्हय?" बायको म्हणाली. "पुढचा वळा. गार होतंय."