शार्कचा फोटो मी काढलाय

तालमीच्या कट्ट्यावर बसलं की कुणीतरी डिवचतंच, "दत्तबा, ते शार्कचं सांगा की." मी काय रेडिओ हाय? बटण दाबलं की लागला? आन् ह्या किश्श्यांची खोड लई वाईट. एक सांगाय घेतला की दुसरा त्येचं शेपूट धरून येतो, तिसरा दुसऱ्याचं, आन् चहा गार होतो. शेवटी बशीर म्हणाला, "एकदाचं लिहून टाक. तुझं तोंड आन् आमचे कान, दोन्ही सुटतील." म्हणून लिहितोय. शिक्षण चौथी, तीपण मास्तर भला होता म्हणून. शुद्धलेखन बघणाऱ्यानं हितंच थांबावं.

पहिल्यांदा मुद्द्याचं सांगतो. आमच्या चौकात शार्कचा फोटो लागला, तो वसंतानं काढला असं सगळी पेठ म्हणती. तो मी काढलाय.

वसंता फोटो स्टुडिओवाला, बशीर गॅरेजवाला, आन् मी फाउंड्रीत जन्म काढलेला. तिघं एकाच तालमीचे. तिघांची केसं आता पिकली, पण कौतुक नेहमी एकट्या वसंताचंच.

*

त्येला पोहाय मी शिकवलं. कळंब्याकडं माझ्या मामाची विहीर होती. पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकलला, तर गडी डब्यासकट तळाला. वर काढला तर मलाच म्हणतो, "डबा गळका होता." डब्याला सुईएवढं भोक न्हवतं.

त्याच विहिरीत मी काठावरनं सूर मारायचो तवा बायका धुणं थांबवून बघायच्या. वसंता पायरी धरून पाय हलवायचा. आन् आज त्येच्या स्टुडिओच्या पाटीवर नावाखाली 'स्कूबा डायव्हर' लिहिलंय. पोटात आग पडणार न्हाय तर काय गारवा वाटणार?

*

फोटोग्राफर म्हणून तसा वाईट न्हाय. पण एक हट्ट. समोरचा माणूस कॅमेऱ्यात बघितल्याशिवाय हा बटण दाबत न्हाय.

माझ्या पोरीचं लगीन गडहिंग्लजला होतं. मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट सरला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. आन् वसंता मांडवाच्या मधोमध हात वर करून उभा. म्हणतो, थांबा, नवरीनं बघितलंच न्हाय. भटजीला शेवटची मंगलाष्टका परत म्हणाय लावली. अंतरपाट परत धरला. लोकांनी पायाखालच्या अक्षता वेचून परत टाकल्या.

आमचे व्याही गंभीर माणूस. जवळ येऊन हळूच म्हणाले, "पावणं, जेवणाच्या पंगतीबी दोनदा हायत का?"

मी शरमेनं मेलो. आमची मंडळी, म्हणजे बायको, हौसा, मला म्हणती, "किती मन लावून काम करतात बघा वसंतभाऊ. न्हायतर तुम्ही."

*

समुद्राची टूम वसंताच्या जावयानं काढली. गाडीनं मुर्डेश्वरला जायचं, तिथनं बोटीनं बेटाकडं, आन् पाठीला हवेची टाकी लावून खाली. तिथं प्रवाळाच्या खडकात शार्क राहतात, माणसाच्या वाटंला जात न्हाईत, म्हणला. वसंतानं लगेच पाण्यात चालणारा कॅमेरा घेतला. म्हणलं, मीबी येणार.

म्हाताऱ्यांना डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. डॉक्टरनं माझं बीपी बघितलं आन् तोंड वाकडं केलं. परत बघितलं, आणखी वर. म्हणाले, काका, कसला ताण घेतलाय? माझ्या समोरच्या खुर्चीत वसंता बसलेला. त्येचं सर्टिफिकेट झालतं, आन् त्या कागदानंच तो वारा घेत होता.

डॉक्टर हुशार. वसंताला बाहेर चहा सांगाय धाडला आन् परत पट्टा आवळला. बीपी झक्कास.

सही करताना म्हणाले, "समुद्रात खुशाल जावा, काका. फक्त ह्यांच्याबरोबर जाऊ नका."

*

बोटीत बशीर पण होता. पण किनारा सुटल्यापासनं त्येचं डोकं कठड्याबाहेरच. सकाळची सगळी मिसळ समुद्राला अर्पण केली. वर आम्हालाच सांगतो, मासे दुवा देतील. एवढा एक साक्षीदार, तोबी असा वाया गेला.

मोठा ट्रेनर कानडी माणूस. हिंदीतनं समजावलं की खाली कशाला हात लावायचा न्हाय, गडबड करायची न्हाय, शार्क दिसला तर जागेवर शांत राहायचं. एकेकाला धरून एकेक ट्रेनर खाली घेऊन गेला.

खाली काय शांतता, महाराजा. तोंडात नळी असल्यामुळं आयुष्यात पहिल्यांदा वसंता गप्प होता.

एका खडकाच्या कपारीत शार्क पडलेला, कट्ट्याखाली कुत्रं झोपतं तसा. लांबीला माणसाएवढा, अंगानं सडपातळ. पाठीवरच्या पंखाच्या टोकाला चुना लावल्यागत पांढरं. आम्हाला बघून सावकाश बाहेर आला. वसंतानं कॅमेरा डोळ्याला लावला. पण दाबंना. शार्क आडवा चाललेला, आन् ह्येला तोंड समोर पाहिजे.

मग ह्या गड्यानं काय करावं? मोकळा हात वर केला आन् मांडवात करतो तशा खुणा सुरू केल्या. मान जरा वर. थोडं डावीकडं. हं, आता हिकडं बघा.

शार्कनं बघितलं.

वसंता जो वळला, तो ट्रेनरच्या हातातनं सुटला. तसं पोहणं विहिरीत पोहला असता तर आमच्या तालमीचं नाव दिल्लीला गेलं असतं. हातातला कॅमेरा गिरक्या घेत माझ्या नाकासमोर आला. मी धरला. शार्क माझ्यापास्नं दोन हातांवर. मांजरागत डोळा. त्येनं मला बघितलं, मी त्येला. भीती म्हणाल तर न्हाय वाटली. काय वाटलं ते सांगाय शब्द न्हाईत, चौथीपर्यंत तसला धडा न्हवता. मी बटण दाबलं.

वर बोटीत आल्यावर वसंतानं माझ्या हातातनं कॅमेरा घेतला आन् म्हणला, "सांभाळलास, बरं केलंस."

*

कोल्हापुरात माणूस नुसता शिंकला तरी चौकात फ्लेक्स लागतो. हा तर शार्क. 'शार्कला भिडलेला पेठेचा वाघ' असं एवढ्या मोठ्या अक्षरात. फोटो मी काढलेलाच. समोर शार्क, पलीकडं पाठमोरा वसंता. पळताना निघालाय, पण बघणाऱ्याला वाटावं शार्कला फिराय घेऊन चाललाय. कोपऱ्यात 'छायाचित्र: वसंतराव'.

खाली शुभेच्छुकांची तोंडं. तिसऱ्या ओळीत, चिकनवाला आन् नगरसेवकाचा मेव्हणा ह्यांच्या मधी, मी. आधार कार्डावरचा फोटो. माझ्याच फोटोला माझ्याच शुभेच्छा.

घरी येऊन हौसाला सांगितलं, तो फोटो मी काढलाय. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली न्हाय.

"तुम्ही? पन्हाळ्याला माझा काढलासा त्यात नुसतं तुमचं बोट आलतं."

*

मग सत्कार. तालमीत खुर्च्या, माईक, पाहुणे म्हणून कॉलेजातले एक सर. फेटा बांधाय मला बोलावलं, कारण आमच्याकडं माझ्यासारखा फेटा कुणाला बांधता येत न्हाय. म्हणजे वाघाला फेटाबी मीच बांधायचा.

मी वेढे घेत होतो तवा सर दारातनं चौकातल्या फ्लेक्सकडं बघत बसलेले. मधीच उठले आन् सरळ विचारलं, "वसंतराव, फोटो तुम्ही काढलाय. मग फोटोत तुम्ही कसे?"

फेट्याचं टोक माझ्या हातात. म्हणलं, दत्तबा, आज देव पावला. वसंतानं एकदा वर माझ्याकडं बघितलं. मी त्येच्याकडं. बोल लेका, म्हणलं मनात, एकदा माझं नाव घे.

त्येनं खांद्यावरची शाल नीट केली.

"टायमर लावलता."

सर पण सोडणारे न्हवते. "आणि शार्क थांबला?"

"त्येला थांबाय सांगितलं की."

काय टाळ्या पडल्या! सर स्वतः हसत टाळ्या वाजवाय लागले. बशीरनं तोंडात रुमाल कोंबला. आन् बायकांच्या पहिल्या रांगेत एक बाई टाळ्या वाजवत उठून उभी राहिली आन् शेजारणीला म्हणाली, "आमच्या ह्यांना फ्लेक्सवर तरी घेतलं, वसंतभाऊंचं मन मोठं."

वसंताचं एक वेळ सोडून देतो. त्येचा धंदाच तो, असतं त्यापरीस चांगलं दाखवायचं. पण माझी माफी मागायची राहिलीय एका माणसानं, आन् ती मी घेतल्याबिगार राहणार न्हाय.

हौसानं.